काऊलचा दुसरा टाका

१

दसऱ्याच्या दुपारी अमरसिंह इंगवले नावाचा तरुण झेंडूच्या माळा घातलेली मोटारसायकल घेऊन सोनं वाटायला निघाला आणि कोल्हापूरचं उद्यमनगर ओलांडायच्या आतच रस्त्यावर आडवा झाला. खड्डा लहानच होता. पण गाडीच्या पुढच्या दिव्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, ज्याला गॅरेजवाले काऊल म्हणतात, ते त्या दणक्याने उभं फाटलं, लोंबकळलं आणि चाकात गेलं. अमरसिंहचं उजवं मनगट मोडलं. काऊलला तडा गेला म्हणून त्याने ते त्याच आठवड्यात कृष्णात सुताराच्या गॅरेजात दुरुस्त करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी उभी होते. मी संयोगिता, विम्याची सर्व्हेअर. मोडलेली गाडी बघायची आणि ती कशी मोडली ते कंपनीला सांगायचं, हा माझा धंदा.

"त्या पोरीला मी सोडणार न्हाय, मॅडम," अमरसिंह म्हणाला. "आदिती मॅडम, आदिती मॅडम करून गाव डोक्यावर घेतंय. मोबाईलवर तिचं व्हिडिओ, गॅरेजच्या बोर्डावर तिचं नाव. आणि टाका बघा तिचा! पोलिसात देणार मी तिला."

खरं सांगायचं तर ते ऐकून मला किंचित बरं वाटलं. मी जळकी बाई आहे. जावेने नवा फ्रिज घेतला तर आमच्या माठातलं पाणी मला आठवडाभर गोड लागत नाही. कालची पोरगी बोर्डावर नाव लावून बसते आणि मी इतकी वर्षं हिंडूनही 'विम्याच्या बाई'च, हे मला सोसायचं कसं? पण जळक्या माणसाचा एक गुण असतो. दुसरं कोणी जळत असलं की त्याला पहिला वास येतो.

कृष्णातच्या गॅरेजात पाऊल टाकलं आणि मला तो वास आला. आणि तो एकाच माणसाकडून येत नव्हता.

२

गॅरेज म्हणजे पत्र्याचं लांबट शेड. मागच्या दाराला लागून कृष्णातचं घर. बोर्डावर 'प्लास्टिक दुरुस्ती' या शब्दांखाली एक पट्टी ताज्या पांढऱ्या रंगाने पुसलेली होती. रंगाखालून 'आदिती' अजून वाचता येत होतं.

ती आतच होती, खिडकीजवळच्या कामाच्या टेबलापाशी, पण उभी. खुर्चीवर बसायची तिची हिंमत होत नव्हती. आदिती चौगुले, डिप्लोमा केलेली, घर कागलला. बाहेर तिचे वडील स्कूटर लावून थांबले होते.

"बाबा म्हणतात, बास झालं, घरी चल," ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "आज गेले तर मला परत कुठल्या गॅरेजात पाय ठेवू देणार नाहीत. मॅडम, अष्टमीला मी टाका घातला तो पक्का होता. वर प्राइमर मारून मी काऊल वाळत ठेवलं. रंग दसऱ्यानंतर द्यायचा होता."

"मग दसऱ्यालाच गाडीवर कसं चढलं?"

"अमरसिंह ऐकंनात की," कृष्णात मधे पडला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आवाज मोठा. "सणाला गाडी पायजे म्हणाले. रंग नसला तर नसू दे. मी सकाळी घाईत बसवलं आणि दिलं. आत डोकावून कोण बघतंय?"

"आणि मधल्या दिवशी? खंडेनवमीला?"

"त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतोय. सकाळी पूजा केली, शटर वढलं, चावी शेजारच्या चहाच्या टपरीत खिळ्याला अडकवली. कायम तिथंच असती. संध्याकाळी आमची राजी दिव्यात तेल घालून आली, तेवढंच."

टेबलाच्या कोपऱ्यात पाटावर पूजा तशीच होती. पक्कड, पाने, ड्रिल, सोल्डरिंगच्या गन. कृष्णातने कुंकू बोटाने नव्हे, मूठभरून लावलेलं दिसत होतं. सगळ्या हत्यारांवर हळदीकुंकवाचे फराटे वाळून काळपट झाले होते.

एका गनच्या टोकावर मात्र कुंकू लालभडक होतं. फराटा नव्हता. गोल, नेटका, छोटा ठिपका होता.

मी नखाने तो जरा खरवडला. खालचं टोक जळून काळं पडलेलं होतं.

३

मी फाटलेलं काऊल टेबलावर उलटं टाकलं. आतल्या बाजूला तड्याची दुरुस्ती उघडी दिसते. तापलेल्या गनने तड्याच्या दोन्ही कडा वितळवून एकमेकांत मिसळायच्या आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून भर घालायची. याला इथे टाका घालणं म्हणतात. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाशी एक बारीक भोकही पाडतात.

भोक होतं. तिथून वर आदितीचा टाका गेलेला, जरा जाडाभरडा पण घट्ट. तो कुठेही सुटलेला नव्हता.

"हे बघा!" आदिती जवळजवळ ओरडलीच. "माझा टाका धरलाय!"

काऊल फाटलं होतं ते त्याच्या बोटभर शेजारून. आणि त्या फाटलेल्या कडेवर दुसरा टाका होता.

सगळे वाकले. दुसरा टाका बारीक होता, सरळ, माशाच्या काट्यासारख्या एकसारख्या रेघांचा. पण सुरुवातीच्या भागात तो नुसता चिकटलेला होता, आत मुरला नव्हता. तिथूनच तो सुटला होता. मी बॅगेतलं भिंग काढलं. प्लास्टिकच्या आत लाल कण अडकलेले दिसले.

"कुंकू," मी म्हणाले.

मग वरची बाजू खरवडली. वर प्राइमर, त्याच्याखाली आणखी एक प्राइमर, आणि खालच्याला तडा. म्हणजे गोष्ट सरळ होती. आदितीचं काम झाल्यावर, खंडेनवमीची पूजा झाल्यावर, कोणीतरी ते काऊल वाकवून मोडलं. त्याच माणसाने पाटावरची गन उचलून ते परत सांधलं आणि वरून प्राइमर फवारून झाकलं.

कृष्णातचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तो त्या दुसऱ्या टाक्यावर अंगठा फिरवत होता.

"काय हात हाय, आयला," तो पुटपुटला. "माझा टाका असा पडत न्हाय. कुणाचा हो ह्यो?"

मागच्या दारात त्याची बायको राजनंदिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. गोरटेली, ठसठशीत, हातांत नवरात्रातल्या हिरव्या बांगड्या. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. चहा निवला तरी तिने तो कोणाला दिला नाही. शेवटी मीच हात पुढे करून कप उचलला. तिच्या एका बांगडीवर काळा बारीक ठिपका होता, मला वाटलं नक्षी असेल.

"असला हात कोल्हापुरात एकाचाच," कृष्णात म्हणाला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाकडे बघून हाक मारली, "श्रेणिकअण्णा! हिकडं या जरा!"

४

श्रेणिकअण्णा म्हणजे गॅरेजातला सगळ्यात जुना कारागीर. खिडकीजवळची ती खुर्ची पूर्वी त्याची होती. उजेड चांगला म्हणून कृष्णातने ती आदितीला दिली आणि अण्णाला आत, कॉम्प्रेसरशेजारी बसवलं.

"राग आलता," अण्णा मला म्हणाला. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. "येणारच की. माणसं आत येत्यात आणि माझ्याच तोंडावर इचारत्यात, मॅडम कुठं हाईत? पर काऊल मोडून मला काय मिळणार? खुर्ची तर ह्यो कृष्णात आता मला नेऊन देईल, पर माझ्यानं बसवंल का तिच्यावर?"

"खंडेनवमीला आला होतात इथे?"

"आलतो. मोबाईलचा चार्जर इसरलेला."

"म्हणजे चावी घेतलीत."

"घेतली, परत अडकवली."

मी त्याच्यासमोर ती ठिपक्याची गन धरली. "अण्णा, एक टाका घालून दाखवा. भंगारातला कुठलाही तुकडा घ्या."

अण्णाने गन घेतली, पँटीवर टोक खसकन पुसलं आणि मग प्लगमध्ये घातली. मी कृष्णातला दुसरी गन दिली. त्याने खांद्यावरच्या फडक्याने टोक पुसलं. तिसरी आदितीला. तिने ओला स्पंज ओढला आणि पुसलं. कोणीही विचार केला नाही. जेवायला बसताना हात धुवावेत तसं ते तिघांच्या हातून झालं.

तिथेच माझं डोकं अडकलं, टाके कसे पडले ते बघायचं राहूनच गेलं. टोकावर घाण असली की टाका धरत नाही, हे इथे झाडूवाल्यालाही माहीत. इतका सुरेख हात असलेला माणूस टोक न पुसता टाका घालेलच कसा? घाईत विसरला म्हणावं, तर नंतर त्याच जळलेल्या टोकावर नवं कुंकू लावायला त्याला सवड कशी मिळाली?

पुसायला विसरला नव्हता. त्याला पुसायचंच नव्हतं.

कारागिराच्या दृष्टीने टोकावरची ती घाण होती. मग कोणाच्या दृष्टीने ते कुंकू होतं? माझी आई आठवली. भांड्याला लागलेलं हळदीकुंकूही ती कधी फडक्याने पुसायची नाही. पुसणं हा शब्दच कुंकवाच्या जवळ यायला नको असायचा. नवऱ्याच्या हत्यारावरचं, सणाचं कुंकू सवाष्ण बाई पुसेल? आणि ते जळून काळं झालेलं पाहिल्यावर ती घाबरून पहिलं काम काय करेल? अनामिकेने नेटका ठिपका परत लावेल.

बांगडीवरची ती नक्षी नव्हती. इतर एकाही बांगडीवर तसा ठिपका नव्हता. तो वितळून उडालेल्या काळ्या प्लास्टिकचा थेंब होता, आणि नवरात्रात भरलेली बांगडी इतक्यात उतरवायची नसते.

पण राजनंदिनीला टाका घालता येतो, असं सांगणारं त्या शेडमध्ये कोणी नव्हतं. मी सहज विचारलं तर कृष्णात हसला. "राजी? तिला गन कुठल्या बाजूनं धरायची ते तरी ठावं हाय का?"

ठिपका आणि थेंब. एवढ्यावर मी कोणाचं नाव लिहू? ती 'नाही' म्हणाली असती तर विषय संपला असता. आणि बाहेर आदितीचे वडील स्कूटरचा हॉर्न वाजवत होते.

५

मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. राजनंदिनीलाही. आदितीच्या वडिलांना आत घेतलं. मग अगदी कोर्टातल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "मुलीचा टाका शाबूत आहे, तिचा दोष नाही, एवढं नक्की. काऊल मोडून परत सांधणारा दुसराच आहे. मोडलं ते वाईटच. पण टाका मात्र असा घातलाय की मी इतकी वर्षं गाड्या बघते, असा बघितला नाही. कुंकू मधे आलं नसतं तर काऊल जन्मभर टिकलं असतं. असा हात एकाचाच. श्रेणिकअण्णांचा."

"माझा न्हाय वो!" अण्णा म्हणाला.

"कशाला लाजतासा?" कृष्णात आता रंगात आला होता. मोडणाऱ्यापेक्षा टाकाच त्याच्या डोक्यात भरला होता. "अण्णा, मी चुकलो. तुमच्या हाताला मी अंधारात बसवलं. रागानं केलासा, जाऊ द्या, अमरसिंहाच्या पाया पडू दोघं. उद्यापासनं ती खिडकीची खुर्ची तुमची. बोर्डावर तुमचं नाव..."

"त्येचा न्हाय त्यो टाका!"

शेड दणाणलं. राजनंदिनीने ट्रे टेबलावर आपटला होता.

"राजी, तू गप..."

"का गप? आंधळं झालासा व्हय? अण्णाचा टाका डावीकडं पडतोय, त्यो डावखुरा हाय. ह्यो बघा कुणीकडं पडलाय! पंधरा वर्सं संसार केला आणि बायकूचा हात वळखू येत न्हाय?" तिने काऊल स्वतःकडे ओढलं. "माझा हाय. मी घातलाय."

मला हेच हवं होतं. आपल्या हाताचं श्रेय दुसऱ्याला गेलेलं जळक्या माणसाला सोसत नाही.

"लॉकडाऊनमधी तुमी घरात काम आणून टाकायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्ध्यात सोडून झोपायचा. सकाळी उठून म्हणायचा, काल बराच उरक झाला की माझा. उरक तुमचा नव्हता. मी बघून बघून शिकले आणि पुरं करून ठेवलं. तुमास्नी कळलंबी न्हाय. मग ही आली. हिला खुर्ची दिलासा, उजेड दिलासा, बोर्डावर नाव दिलासा. समदी गल्ली मला म्हणायची, राजी, नवऱ्याला संभाळ ग. मला हसू यायचं. नवऱ्याला काय करायचंय? मला ती खुर्ची पायजे हुती."

ती आदितीकडे वळली. "त्या दिवशी दिव्याला तेल घालाय आले आणि तुझं काऊल दिसलं. म्हटलं बघू तरी, केवढा पक्का टाका घालती ही. गुडघ्यावर धरून वाकवलं. टाका सुटंना. लई जळफळाट झाला बघ. अजून वाकवलं. टाका तसाच ऱ्हायला आणि शेजारनं काऊल मोडलं." तिचा आवाज खाली आला. "मग भ्याले. तुझ्यावर येणार म्हणून न्हाय. तवा तुझा इचारसुदीक आला न्हाय मनात, खोटं कशाला बोलू? आपल्याकडनं मोडलं आणि आपल्याला जोडाय येतंय, मग जोडावं, एवढंच. चांगला घातला हुता मी."

"कुंकू होतं ना टोकावर," मी म्हणाले.

"ठावं हुतं मला टाका धरणार न्हाय म्हणून. पर पुसू कशी?" तिने कृष्णातकडे बघितलं. "ह्येंच्या हत्याराचं कुंकू हुतं ते."

६

रहस्य सुटलं की माझ्यासारखीचं काम संपतं, पण त्या दिवशी पाय निघेना. इतका वेळ मी जिचा वास काढत होते, ती माझ्याच जातीची निघाली होती. फरक एवढाच की मी जळून घरी बसते. तिने जळून एका पोराचं मनगट मोडलं आणि एका पोरीचं नाव पुसायला लावलं. दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही मी तिला बोलून दाखवलं.

"दवाखान्यात जाऊन त्याला तोंडाने सांगायचं," मी म्हणाले. "पोलिसात द्यायचं की नाही ते तो ठरवेल."

"जाते की. आत्ता जाते."

कृष्णात खाली मान घालून त्या टाक्यावरून अंगठा फिरवत होता. एकदा त्याने बायकोकडे बघितलं. मग उठून त्याने बाहेर जाऊन फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि बोर्डावरची पांढरी पट्टी घासायला लागला. 'आदिती' हळूहळू वर आलं. तिचे वडील ते बघत उभे राहिले. मग त्यांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि मुलीला म्हणाले, "संध्याकाळी न्यायला येतो." आदिती तोंडावर ओढणी धरून रडली.

रडून झाल्यावर ती टेबलापाशी आली. राजनंदिनीच्या टाक्याला बोट लावून बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं. आता जळायची पाळी तिची होती.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "एवढं सरळ कसं काय जातं हो तुमचं?" आणि तिने तो ओला स्पंज पुढे सरकवला. "फक्त आधी पुसायचं."

राजनंदिनीने ती ठिपक्याची गन उचलली. स्पंजापाशी नेली आणि थांबली. बाहेर नवरा बोर्ड घासत होता. तो धडधाकट आहे याची एकदा खात्री करून घेतल्यासारखं तिने तिकडे बघितलं, डोळे मिटले आणि टोक पुसलं.

मी अहवालाचा कागद काढला. काऊलची दुरुस्ती सदोष, टाक्यात बाहेरचा पदार्थ, त्यामुळे अपघात. खाली दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. माझा हात जरा अडला. एका बाईचं नाव कागदावर पहिल्यांदा येणार, तेही असं.

"लिवणार न्हवं माझं नाव?" तिने विचारलं.

"लिहावंच लागेल."

"मग पुरं लिवा. राजनंदिनी कृष्णात सुतार."

मी लिहिलं. त्याच्याखाली व्यवसायाचा रकाना होता. कृष्णात हात पुसत दारात आला होता. सवयीने म्हणाला, "गृहिणी लिवा."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याने फडक्याची घडी घातली, परत उलगडली.

"प्लास्टिकचं काम," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "टाकं घालती."